बिनडब्याचा फिल्टर

पावसाची भीती मला गाडीमुळे लागली. आम्ही बदलापूर गावातले, नदीचं पाणी उंबऱ्याशी आलेलं बघत वाढलेलो. तेव्हा कधी भ्यालो नाही. पण घरात पाणी शिरण्यापेक्षा इंजिनात पाणी शिरेल याचीच मला धास्ती वाटायला लागली, आणि ही धास्ती मी हौसेनं विकत आणलेली.

उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका दुकानात मी मोटरसायकलचा मूळ एअर फिल्टर डब्यासकट काढून टाकला. त्या जागी लाल, शंकूसारखा, उघडा फिल्टर बसवून घेतला. तो माझ्या मांडीच्या मागे, मागच्या माणसाच्या गुडघ्याशी येतो. "साईं, अब गाडी खुलके साँस लेगी," दुकानदार म्हणाला, "बस, बारिश में थोड़ा संभालना." गाडीचा आवाज असा काही भरदार झाला की त्याचं दुसरं वाक्य मी तिथेच सोडून आलो. घरी बाबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "कोंबरीनं अंडा घातल्यावानी वरडते कनाला ही गारी?"

त्याच पावसाळ्यात एका धो-धो पावसाच्या दिवशी बाबांचं डायलिसिस होतं, अंबरनाथ पश्चिमेला. पावसापायी आधीची एक पाळी चुकली होती. आता चुकली तर अंगातलं पाणी छातीत चढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांचे पाय सुजले होते आणि पायरी उतरतानाही त्यांना धाप लागत होती. लोकल बंद होती, रिक्षावाल्यांनी "आगे पानी है" म्हणून हात वर केले. राहिली माझी गाडी.

आमच्या गावात पावसाळा लागला की दिसेल त्या वस्तूवर प्लॅस्टिक चढतं. मोबाइलवर, पेंढ्यावर, देवळाच्या घंटेवरसुद्धा. मी फिल्टरवर जाड पिशवी चढवली आणि वरून रबर मारलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बाबांना रेनकोट घालून मागे बसवलं.

गल्लीत गाडी चालली. हमरस्त्यावर चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं. तिथे मी रेसची मूठ जोरात पिळली, तशी पिशवी आत ओढली जाऊन फिल्टरला चिकटली. इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं. पाणी आत गेलं, संपलं सगळं, असंच मला वाटलं. मागे बाबांचा श्वास शिट्टीसारखा ऐकू येत होता. पिशवी हाताला लागली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: पाणी नाही, हवा कोंडली होती. ती ओरबाडून फेकली आणि किक मारत राहिलो. शेवटी गाडी सुरू झाली.

पण आता फिल्टर उघडा होता. वरून पाऊस, बाजूने ट्रकचे फवारे. गाडी मिसिंग मारायला लागली, दम तुटल्यासारखी मधेच गचके खायला लागली. ज्या आवाजावर मी मिरवत होतो, त्यावरच आता जीव टांगला होता. गावदेवीला नारळ बोललो.

त्यात बाबांचा एकच हात माझ्या खांद्यावर होता. दुसरा गळून पडला की काय, ते तोल जाऊन पडतील की काय, असं वाटून मी ओरडलो, "बाबा, दोन्ही हातांनी धर!" हात एकच राहिला. थोड्या वेळाने गाडीचे गचके थांबले. का थांबले ते मला कळलं नाही. देवीने ऐकलं म्हणायचं आणि मागे न बघता चालवत राहिलो.

पोचल्यावर सिस्टर बाबांना बघून चिडल्या. ते डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते, कुडकुडत होते, आणि रेनकोट हातात होता. "बाबा, रेनकोट हातात धरून कोण भिजतं?"

"गारीवर धरलेला," बाबा म्हणाले. रेनकोटच्या एका बाजूला चेनचं काळं वंगण लागलेलं होतं. उरलेला सगळा रस्ता त्यांनी तो अंगावेगळा करून, वाकून, फिल्टरच्या वर छपरासारखा धरला होता. खालून हवा मोकळी ठेवून.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तू आधीच भ्यालेला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मना पन भ्याव वाटत व्हता."

पुरात पोहून म्हशी सोडवून आणणारा हा माणूस. भ्याव हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. बाबा पाठीशी आहेत, तोवर भ्यायचं काम माझ्या एकट्याचं, असंच मी धरून चाललो होतो.

मशीन सुरू झालं. त्यांचा सुई नसलेला, रेनकोट धरून गारठलेला हात मी माझ्या दोन्ही हातांत धरून बसलो. तो काही केल्या गरम होईना.