शेव भिजायच्या आत

आधीच सांगून टाकतो. मी माझ्या बायकोला परमिट रूममध्ये जेवायला नेलं होतं. भर दुपारी, धुळ्यात, आणि सख्खी आत्या त्याच गावात राहत असताना. यातल्या पहिल्या दोन गुन्ह्यांची आमच्या गावी, असोद्यात, कधीतरी माफी मिळाली असती. तिसऱ्याची अजून मिळालेली नाही. मी मागितलेलीही नाही.

आमच्याकडची रीतच तशी आहे. ज्या गावात आपलं माणूस राहतं, त्या गावात हॉटेलात जेवायचं नाही. चहा चालतो, भजी चालतात, पण पाटावरचं जेवण सोडून टेबलावर जेवलात तर त्याचा अर्थ एकच, ते घर तुमच्या लेखी मेलं. आणि आपलं माणूस नाही असं गाव खानदेशात शोधून दाखवा. सोयरे नसतील तर सोयऱ्यांचे सोयरे असतात. त्यामुळे पस्तिशीपर्यंत मी हॉटेलं बाहेरून पाहिली आणि आतून फक्त चहा प्यायलो. तरी स्वतःला फार फिरलेला समजायचो. फिरलेला म्हणजे मोटारसायकलवर पहूरपर्यंत आणि एकदा बऱ्हाणपूर.

नव्वद साल उजाडायचं होतं. मी जळगावला एका जिनिंग प्रेसमध्ये कारकून होतो आणि रोज असोद्याहून जायचो. घर मोठं, तेरा माणसांचं. केळी, कपाशी, दोन म्हशी, आणि चुलीपुढे माझी बायको. वहिनीची कंबर दुखायची. ती स्वयंपाकाच्या वेळी जास्त दुखायची, असं माझं निरीक्षण होतं, पण मी ते कधी बोललो नाही. आधी सगळे पुरुष जेवायचे, मग पोरं, मग म्हातारी माणसं, आणि शेवटी ती.

एकदा शेवभाजी होती. मी हात धुऊन आलो तेव्हा ती जेवायला बसलेली. ताटलीत काहीतरी तपकिरी लगदा होता.

"हे काय?" मी विचारलं.

"शेवभाजी."

"अशी?"

"तुमच्या पानात पडते ती शेवभाजी. माझ्या पानात येईपर्यंत तिचं पिठलं होतं." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "चार वर्षं झाली. मले एकदा शेव कुरकुरीत खायची हाये. कोनी वाढायची अन मी बसून खायची. बस."

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की उद्यापासून तू आधी बस. मी शहाणा नव्हतो. मी म्हणालो, "चल, तुला हॉटेलात नेतो. धुळ्याला." जळगाव नको होतं, कारण तिथल्या हॉटेलात आम्ही शिरलो असतो तर बातमी आमच्याआधी असोद्याला पोचली असती. धुळ्यात फक्त आत्या होती, देवपूर भागात, आणि आत्या घराबाहेर पडत नाही, असा माझा हिशोब.

घरी सांगितलं धुळ्याच्या एकवीरेचं दर्शन. शनिवारी जायचं, रात्री आत्याकडे मुक्काम, रविवारी परत. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान डोलावली. आईने वांग्यांची पिशवी भरून दिली. आमची वांगी तुम्ही पाहिली नसतील तर सांगतो, हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक हाताच्या पंजाएवढं. थंडीत त्यांचं भरीत लागतं तसं दुसरं काही लागत नाही. "आत्याले दे," आई म्हणाली, "अन उतरल्या उतरल्या दे. शिळे नको व्हाया."

उतरल्या उतरल्या वांगी दिली असती तर उतरल्या उतरल्या जेवावं लागलं असतं. म्हणून मी फार हुशारीने ठरवलं की आधी दर्शन, मग हॉटेल, मग तृप्त पोटाने आत्या. वांगी तोवर आमच्याबरोबर फिरतील. कुणी हॉटेलात जेवायला जाताना वांगी घेऊन जातं का? आम्ही गेलो.

ऑफिसातल्या धुळ्याच्या एका सहकाऱ्याने मला तीन उत्तम ठिकाणं कागदावर लिहून दिली होती. दर्शन उरकून पहिल्या ठिकाणी गेलो, तर तिथे आता टायरचं दुकान होतं. मी तरीही आत जाऊन विचारलं, "जेवण कितीला सुरू होतं?" दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं, आणि बाजार पलीकडे आहे म्हणून सांगितलं.

दुसरं ठिकाण शुद्ध शाकाहारी, वरच्या मजल्यावर 'फॅमिली'. फॅमिली म्हणजे बायकांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. थाळीतलं वरण गोड, भाजी गोड, आणि वाढप्या दर दोन मिनिटांनी "श्रीखंड?" म्हणून विचारणारा. बायकोने वाटीत बोट बुडवलं, चाटलं आणि उठली.

"काय झालं?"

"लग्नातलं जेवन हाये हे. लग्नं मी पुष्कळ जेवले."

तिसरं ठिकाण सापडलंच नाही. दुपार डोक्यावर आलेली. शेवटी मी एका रिक्षावाल्याला सरळ विचारलं, शेवभाजी कुठे चांगली मिळते.

"भाऊ, शेवभाजी खानी व्हई ते हायवेवर," तो म्हणाला. "बठ्ठा ड्रायव्हर तठेच थांबतस." म्हणजे सगळे ट्रकवाले तिथेच जेवतात. मग बायकोकडे नजर जाताच थोडा ओशाळला. "पन तठे दारू बी शे."

मी बायकोकडे पाहिलं. म्हटलं आता ही परत फिरवणार. ती रिक्षात चढली सुद्धा. "पेनारे लोक," ती म्हणाली, "शेव मऊ झाली तर ताट फेकत असतील. तिथं चांगलीच असेल."

आग्रा रस्त्याला लागून पत्र्याची लांब शेड, बाहेर ट्रक उभे, बोर्डावर परमिट रूम आणि खाली लहान अक्षरांत फॅमिली. फॅमिली म्हणजे इथे प्लायवूडची चार खोपटी आणि प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा. पडदा जमिनीपासून हातभर वर. आम्ही बसलो. पिशवी पायाशी. मी आयुष्यात पहिल्यांदा बारमध्ये होतो आणि ते कुणाला कळू नये म्हणून वेटरला जरा आवाज चढवून म्हणालो, "आधी एक बियर. गार. आणि दोन शेवभाजी, भाकरी."

बियर आली. मी ती चहा ओततात तशी उंचावरून ओतली. फेस ग्लासातून टेबलावर, टेबलावरून माझ्या पँटवर. बायको शांतपणे म्हणाली, "रोजचीच सवय दिसते."

बियर कडू होती. कुणी सांगितलं नव्हतं. मी एकेक घोट घेत बसलो, तोंड वाकडं होऊ न देता. दहा मिनिटं गेली, वीस गेली, शेवभाजीचा पत्ता नाही. मी दोनदा पडद्याबाहेर मान काढली. वेटर मान हलवायचा, म्हणजे मला वाटलं की येतेच आहे. शेवटी बायकोनेच त्याला हाक मारून विचारलं.

"साहेबांची बियर संपली नाही ना अजून," तो म्हणाला. "पिणं झाल्याशिवाय आम्ही जेवण लावत नाही, ताई. भाजी गार होते."

ही बारची रीत. ती पडद्यामागच्या त्या एकाच माणसाला माहीत नव्हती, जो स्वतःला माहीतगार म्हणवत होता.

"म्हंजे माझी शेवभाजी तुमच्या बाटलीत अडकली," बायको म्हणाली. "लाव भाऊ जेवन. साहेब पाहत बसतील."

वेटर वळला आणि त्याचा पाय पिशवीला अडकला. पिशवी आडवी झाली, आणि आमची वांगी, एकामागून एक, पडद्याखालून बारमध्ये गडगडत गेली.

बाहेर क्षणभर सगळं थांबलं. मग हशा. मी पडदा सारून रांगत बाहेर आलो. एक वांगं ट्रकवाल्यांच्या टेबलाखाली, एक दारापाशी, आणि एक कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या हातात. टोपी, धोतर, समोर अर्धा ग्लास. त्याने वांगं उलटंपालटं केलं, देठ पाहिला, वास घेतला.

"हे असोद्याचं हाये," तो म्हणाला.

"हो नाना," मी गुडघ्यांवरूनच म्हणालो. खोटं बोलायला जागा नव्हती. वांगं बोलत होतं.

"कोनाचे तुम्ही?"

मी सांगितलं. त्याने डोळे मिटून, ओठ हलवत, आमच्या घरापासून सुरुवात केली आणि तीन लग्नांमधून वाट काढत आपल्या साडूपर्यंत पोचला. "आपलेच निंघाले!" तो म्हणाला. मग चेहरा उतरला. "देवपुरातली तुही आत्या? ते जिती हाये अन तू हॉटेलात जेवतो?"

"नाना, तुम्हीपण इथंच बसलात."

"मी प्याले येतो!" तो भडकला. "जेवाले घरी जातो. पन्नास वर्षांत हॉटेलचं अन्न तोंडात घातलं नाही मी. चला. आत्याकडे नाहीतर माझ्याकडे, पन उठा."

मला सांगायला लाज वाटते, मी उठायलाच लागलो होतो. पडद्याआडून बायकोचा आवाज आला, "नाना, तुमचं पेनं चालू द्या. माझं जेवन यायचं हाये."

नाना ग्लास रिकामा करून बाहेर गेला. त्याची लुना सुरू झाल्याचा आवाज आला. ती देवपुराकडे गेली हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

शेवभाजी आली तेव्हा ती खरंच तशी होती. काळपट लाल रस्सा, वर तेलाचा थर, आणि शेव वेगळ्या वाटीत. वेटर म्हणाला, "घाला आणि लगेच खा." बायकोने शेव घातली, पहिला घास तोंडात टाकला, आणि कुरुम असा आवाज झाला. तो मी चार वर्षं माझ्या तोंडात ऐकला होता. तिच्या तोंडात पहिल्यांदा ऐकला.

मीही माझ्या रश्श्यात शेव टाकली आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली. माझं घरातलं नाव, रस्त्यावरच्या हॉर्नच्या वर.

आत्या होती. रिक्षातून उतरून शेडच्या पायरीच्या अलीकडे उभी, डोक्यावर पदर, कमरेवर हात. पायरी ओलांडायला तयार नाही, कारण आत दारू.

"आमी मेलो व्हतो का रे?" तिने सुरुवातच तिथून केली. "तुह्या बापाले हात धरून मी चालायला शिकवलं, अन तू माह्या गावात येऊन टपरीत जेवतो? बायकोले दारूच्या दुकानात बसवतो? बाहेर काढ तिले."

मी आत गेलो. "आत्या बोलावतेय."

"सांगा, भाकरी संपू द्या."

मी बाहेर गेलो. "आत्या, भाकरी संपू दे म्हणते."

"घरी भाकरी नाही का? कळण्याच्या करते, ज्वारी-उडदाच्या, गरम गरम. म्हना उठ."

मी आत गेलो. "कळण्याच्या भाकरी करते म्हणते."

"कोन भाजायला बसेल त्या? मीच ना?" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वेटरला म्हणाली, "भाऊ, अजून शेव आन."

असा मी तीन की चार वेळा गेलो आलो. ट्रकवाले खुर्च्या फिरवून बसले होते. शेवटच्या खेपेला मी आत आलो तेव्हा माझ्या ताटलीत तपकिरी लगदा होता. मी घास घेतला. पिठलं. चार वर्षं ती हे खात होती आणि मी रोज हात धुऊन, पान खाऊन बाहेर जात होतो.

बाहेर आत्या ओरडत होती, "आलास का?"

मी पडद्यातून मान काढली आणि तिथूनच ओरडलो, "आत्या, आम्ही जेवतोय! थांब नाहीतर जा!"

आयुष्यात मोठ्या माणसावर इतक्या जोरात मी त्याआधी ओरडलो नव्हतो. एका ट्रकवाल्याने टाळी वाजवली. मी खाली बसलो, वेटरला नवीन रस्सा सांगितला, आणि शेव टाकल्या टाकल्या खाल्ली. बियर तशीच राहिली. तिच्याकडे मी पुन्हा पाहिलं नाही.

जेवण झाल्यावर बायको हात धुऊन बाहेर आली, आणि भर हायवेवर आत्याच्या पाया पडली. गोळा झालेली वांगी पुढे केली. एकाला थोडा मार लागला होता.

"चला घरी," आत्या म्हणाली, "जेवाले."

"जेवले मी आत्या," बायको म्हणाली. "चांगलं व्हतं."

आत्याने वांगी घेतली आणि आम्ही रिक्षाने तिच्या घरी आलो. संध्याकाळी तिने अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या, त्यावर तीच वांगी भाजली, बडगी नावाच्या लाकडी पाटीत कुटली, मिरची-लसणाची फोडणी दिली. सगळ्या आळीला वास गेला. मग दोन ताटं वाढली, एक मामांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, आणि एक स्वतःचं. आमच्यासमोर बसून शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. "तुमचं झालं हाये ना," एवढंच म्हणाली. आम्हाला दुपारचं जड झालेलं, तरी त्या भरताचा वास आठवला की मला अजून राग येतो. शिक्षा म्हणून ती उत्तम होती, हे मात्र मान्य.

रविवारी असोद्याला पोचलो तर नानाकडून बातमी आधीच आलेली. आबा ओट्यावर होते. "देवीचं दर्शन झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. आणि हॉटेलात जेवलो. परमिट रूममध्ये. दोघं."

आईने आतून भांडं आपटलं. पुढचा महिनाभर घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही, आणि चुलतभाऊ मला 'बारवाले' म्हणू लागले. अजून म्हणतात. म्हणू द्या.

त्यानंतरच्या पहिल्याच शेवभाजीला बायकोने भाकऱ्या संपवल्या, चुलीजवळ स्वतःचं ताट घेतलं, शेव घातली आणि सगळ्यांआधी खायला बसली. पंगत मांडून बसलेली, आबा पाण्याचा तांब्या हातात धरून थांबलेले. वहिनी म्हणाली, "हे काय नवीन?" बायकोचं तोंड भरलेलं होतं, उत्तर देता येत नव्हतं. कुरुम कुरुम आवाज मात्र येत होता.

मी उठलो आणि पंगतीला वाढायला घेतलं. वाकडंतिकडं वाढलं. आबांच्या धोतरावर रस्सा सांडला. पण वाढलं.