कॅमेऱ्यामागचं भरीत

आमच्या भूगोल विभागात सहलीला सहल म्हटलेलं मला खपत नाही. क्षेत्रभेट म्हणायचं. मुलं माझ्या तोंडावर क्षेत्रभेट म्हणतात आणि माझी पाठ वळली की भरीत पार्टी. त्यांचंही काही चुकत नाही. ऐन हिवाळ्यात जळगावातून मुलं शेताकडे न्यायची आणि भरीत न खाऊ घालता परत आणायची, असा मास्तर खानदेशात अजून जन्मायचा आहे.

त्या वर्षी मात्र माझा सगळा जीव एका मुलीत अडकला होता. ती शिंदखेड्याकडची, आमच्या वसतिगृहात राहायची. लहानपणच्या आजारानं पायांत जोर राहिला नव्हता, त्यामुळे चाकाची खुर्ची. डोकं वर्गात सगळ्यात तल्लख, आणि तोंडाचं तर विचारूच नका. पण क्षेत्रभेट आली की आम्ही तिला ग्रंथालयात बसवून निबंध लिहायला लावायचो. तापीकाठच्या घळींमध्ये ती खुर्ची नेणार कशी? मुलं परत आली की संध्याकाळी तिच्या खोलीवर भरताचा डबा जायचा, तेवढंच.

शेवटच्या वर्षी ती माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाली, "मॅडम, दरवर्षी निबंध लिहिला आणि उरलंसुरलं भरीत खाल्लं. यंदा दोन्ही नको. मला जागा बघायची आहे."

मी हजेरीपटात डोकं खुपसून तिच्यावरच खेकसले, की आधी मागचे नकाशे पूर्ण कर.

नेमकं त्याच सुमारास आम्ही आणि धुळ्याच्या एका कॉलेजनं मिळून डिजिटल साठा करायचं ठरवलं. त्यांनी शिंदखेड्याकडच्या डाइक चित्रित करायच्या, म्हणजे शेतांमधून भिंतीसारख्या धावणाऱ्या त्या काळ्या दगडाच्या रांगा. आम्ही रावेरकडच्या तापीच्या घळी करायच्या. मग दोघांनी दोन्ही वापरायचं. डोळ्यांवर ते जाडजूड यंत्र चढवलं की माणूस थेट त्या जागी. धुळ्यातला आणि जळगावातला माणूस एकाच वेळी तिथे उभे राहून बोलूसुद्धा शकतात. इतरांना त्यात काय दिसलं कोण जाणे, मला ती मुलगी दिसली.

धुळ्याच्या त्या कॉलेजातल्या सरांना फोन करून विचारलं, यंत्रातून केलेली तिची क्षेत्रभेट धराल का? बाहेरचे परीक्षक तेच. माणूस भला, पण नियमाला असा चिकट की विचारता सोय नाही. म्हणाले, "हरकत नाही. तोंडी परीक्षा मी त्या जागेतच घेईन. मुलीनं ती आधी पाहिलेली नसावी. आणि खरी क्षेत्रभेट वाटली नाही तर मी सही करणार नाही, तिनं निबंध लिहावा."

चित्रीकरणाला आम्ही रावेरजवळ गेलो. एका विद्यार्थ्याच्या आजोबांचं शेत अगदी घळींच्या काठावर. तिवईवर कॅमेरा लावला. तो चहूबाजूंचं एकदम टिपतो हे मला माहीत होतं. म्हणजे वाचलेलं होतं. पण कॅमेऱ्याच्या मागे गेलं की आपण सुटलो, ही जन्माची सवय वाचून थोडीच जाते? घळींवरून सावल्या कशा सरकतात ते हवं होतं, म्हणून कॅमेरा बराच वेळ चालू ठेवायचा होता. मी दरडावलं, "खबरदार कोणी समोर आलात तर!" सगळी मुलं गुणी लेकरांसारखी मागे गेली. मीही गेले. मागे बाभळीखाली कपाशीच्या काड्या पेटल्या, वांगी भाजली, आणि बडगीत, म्हणजे आमच्याकडच्या त्या लाकडी कुंडीत, भरीत ठेचायला घेतलं.

घरी येऊन समोरच्या घळी तेवढ्या तपासल्या. फार सुरेख आल्या होत्या. मी खूश होऊन सगळं धुळ्याला पाठवून दिलं.

परीक्षेच्या दिवशी सगळा वर्ग तिच्यामागे बसला होता. तिला जे दिसेल ते आम्हाला पडद्यावर दिसणार होतं. तिनं यंत्र चढवलं आणि घळींच्या काठावर सर प्रकटले. नुसतं डोकं आणि हवेत तरंगणारे दोन हात. ही मुलगी खुलली की अस्सल शिंदखेड्याची होते, अहिराणीवर येते. ओरडलीच, "मॅडम, आठे तं सरसना बी पाय नहीत!"

वर्गात हशा. धुळ्याहून एक खाकरल्याचा आवाज आला आणि प्रश्न सुरू झाले. माती कोणती, घळ का पडली, पाणी कुठून कुठे गेलं. ती थांबायला तयार नव्हती. बोट दाखवून दाखवून सांगत होती. मला इतका आनंद होत होता की मी शेजारच्या बाईंचा हात दाबून धरला होता.

"छान," सर म्हणाले. "आता मागे वळ. क्षेत्रात चहूकडे बघायचं असतं."

तिनं खुर्ची वळवली. पडद्यावर धूर दिसला, बाभूळ दिसली, बडगी दिसली आणि पदर खोचून, बोटानं भरीत चाखत, मिरच्यांवरून आजोबांशी हुज्जत घालणारी मी दिसले. वर्ग अक्षरशः फुटला. मला वाटलं, यातल्याच एखाद्या घळीत उडी घ्यावी. सरांचे दोन्ही हात हवेत जागच्या जागी थांबले होते.

"मॅडम, ही क्षेत्रभेट आहे की भरीत पार्टी?"

गेली सही, मी मनात म्हटलं. पण उत्तर तिनंच दिलं. "सर, हेही क्षेत्रच आहे ना? काड्या कपाशीच्या आहेत, म्हणजे वेचणी आटोपली. धूर नदीकडे चाललाय, म्हणजे वारा शेताकडून आहे. पलीकडे केळी दिसते, म्हणजे विहिरीला पाणी..."

ती मध्येच थांबली. पडद्यावर मुलं ताटल्या घेऊन गोल करायला लागली होती आणि तिची शेजारच्या बाकावरची मैत्रीण हात आडवे करून ओरडत होती. "कोणी बठू नका रे! पह्यले तिना डबा भरा. तिले तिखट लागस, मिरची घाला."

भुकेली मुलं रिकाम्या ताटल्या घेऊन उभी राहिली. बडगीतलं पहिलं भरीत डब्यात गेलं. वर आणखी मिरच्या, पुऱ्या, कांद्याची पात. झाकण लागलं आणि मगच सगळे खाली बसले.

तिनं यंत्र न काढताच विचारलं, "दरवर्षी असंच करता?"

"मंग काय!" मागून मैत्रिणीचा आवाज आला.

यंत्राच्या कडेखालून तिच्या गालांवर पाणी उतरत होतं आणि ती हसत होती. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

धुळ्याहून सर हळू आवाजात म्हणाले, "पुढचा प्रश्न विचारू का?"

"सर, थोडा वेळ इथेच थांबू?"

"थांब की. पंगत उठेपर्यंत थांब. तोवर मी सही करतो."