तिसऱ्या कडव्यासाठी केबल

माझ्या लग्नात मंगलाष्टकं म्हटली ती सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने, आमच्या देवरूखच्या मावशींनी. सासूबाईंचं म्हणणं, ती तिसऱ्या कडव्याला अडकली. मावशींचं म्हणणं, असं काही झालंच नाही. माझा मुलगा कॉलेजात गेला तरी हा वाद मिटला नव्हता. गेल्या मे महिन्यात मावशी रत्नागिरीला आमच्याकडे राहायला आल्या आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत मला म्हणाल्या, "लग्नाची कॅसेट आहे ना घरात? लाव गो. एकदाचा निकाल लागू दे."

कॅसेट होती. ती ज्यात लागते तो, दिरांनी मस्कतहून आणलेला कॅमेराही होता. पण त्याची बॅटरी फुगली होती, चार्जर खाऱ्या हवेने हिरवा पडला होता आणि टीव्हीला जोडायची केबल कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही तिघी रिक्षाने बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आतून दोन बॅटऱ्या आणल्या, एक चपटी, एक जाड.

"जाड जास्त वेळ चालते," तो म्हणाला, "पण कॅमेऱ्याच्या मागून बाहेर येते."

"माल कधीचा?" सासूबाईंनी विचारलं. सुरमई घेतानाही त्या हेच विचारतात.

"काकू, बॅटरी आहे ती. खराब नाय होत."

"पडून राहिली की काय होतं ते आम्ही घरी बघितलंय." दोन्ही बॅटऱ्या अंगठ्याने दाबून बघून त्यांनी जाड निवडली. चार्जरही घेतला.

केबलीबद्दल दुकानदार स्वतःच साशंक होता. एका टोकाला कॅमेऱ्याची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, लाल. "दिसायला सगळ्या सारख्याच," तो म्हणाला. "लागली तर लागली." मावशींनी त्यातल्या त्यात उजळ रंगाची उचलली.

नव्या टीव्हीला तीन रंगांची भोकंच नव्हती, म्हणून आतल्या खोलीतला जुना टीव्ही पुसून घेतला. बॅटरी चार्ज झाल्यावर मी रंगाला रंग जोडला. पडदा काळाच राहिला, पण घरघरीतून आवाज आला. मंगलाष्टकं चालू होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरंही न अडखळता पार पडलं.

"ऐकलंस?" मावशी म्हणाल्या.

"आवाज तुझा वाटत नाही मला."

"मग काय भटजींचा?"

मी वैतागून पिवळी पिन लाल भोकात खुपसली आणि लाल पिवळ्यात. घरघर थांबली आणि चित्र दिसायला लागलं. कॅसेट मागे नेली. मावशी हातात कागद घेऊन सुरात म्हणत होत्या. तिसरं कडवं आलं. मावशींचं तोंड मिटलं, नजर मांडवाच्या छताला लागली, आणि आवाज मात्र चालूच. मग कॅमेरा डावीकडे वळला. तिथे मुठीत अक्षता धरून सासूबाई खड्या आवाजात गात होत्या.



"मला हे आठवतच नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"मध्येच घुसलीस म्हणून मी थांबले," मावशी म्हणाल्या.

"तू थांबलीस म्हणून मी घेतलं."

"मागे घे गो," दोघी मला एकदम म्हणाल्या.

त्या दुपारी मी तिसरं कडवं किती वेळा मागे नेलं, सांगता येत नाही. जाड बॅटरी दुकानदार म्हणाला तशीच दमदार निघाली. अंतरपाट दूर होण्याच्या पुढे काही दोघींनी मला जाऊ दिलं नाही. माझं स्वतःचं लग्न लागलेलं मी अजून पाहिलेलं नाही.