फेब्रुवारीचं ऊन

आमचे सासरे जन्मभर नागपूरच्या उन्हाला शिव्या घालत जगले, आणि कॅनडाला आमच्याकडे आले की त्याच उन्हासाठी झुरायचे. सासूबाई गेल्यापासून ते तिकडे नागपुरात एकटेच. इथं कायम राहायचा परवाना, पीआर, असूनही मे महिन्यात यायचे आणि ऑक्टोबरात आभाळ भरलं की बॅग काढायचे. इथं सूर्य नाही, एवढंच कारण. मला संताप यायचा. तिकडे बाथरूममध्ये पडलेबिडले तर कोण बघणार, या घोरात आमचा अख्खा हिवाळा जायचा, त्याचं त्यांना काही नाही.

त्या वर्षी सरकारनं छपरावरची वीज विकत घ्यायची योजना काढली आणि नवऱ्यानं सोलर बसवायचं मनावर घेतलं. या ढगाळ गावात? सासरे पोट धरून हसले. हौसेला मोल नसतं म्हणून मी गप्प बसले.

पॅनेल बसवायला एक सरदारजी आले. सासऱ्यांनी त्यांना हिंदीत छेडलं, की ऊनच नाही तर वीज येणार कुठून? सरदारजी शांतपणे म्हणाले, पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नाही. उलट तापलं की ते कमी वीज देतं. फेब्रुवारीत कडक थंडी आणि निरभ्र आकाश असलं की बघा. तुमच्या नागपूरच्या मे महिन्यात हेच पॅनेल मलूल पडेल.

नागपूरला नावं ठेवलेली सासऱ्यांना झोंबली. जेवताना म्हणाले, "तिकीट पुढं ढकल. फेब्रुवारीचं ऊन पाहूनच जातो."

मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते गॅरेजमध्ये, किती वीज आली ते दाखवणाऱ्या इन्व्हर्टरच्या आकड्यासमोर. नोव्हेंबरभर आकडा अगदी किरकोळ होता, पण अगदीच शून्य नव्हता. "आजही थोडी आली," असं आत येऊन सांगायचे. डिसेंबरात पॅनेल बर्फाखाली गेली, आकडा बंद पडला आणि सासऱ्यांचं बोलणंही. दिवसभर स्वेटर घालून टीव्हीसमोर बसत. आता बॅग निघणार, मी धसका घेतला. शेवटी नवऱ्यानं लांब दांड्याचं खोरं आणून खालूनच बर्फ ओढायला सुरुवात केली, तेव्हा सासरे त्याचा जुना कोट चढवून बाहेर आले आणि डावीकडे घे, वर घे, असं गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगू लागले. शेजारीण खिडकीत आली. मला फार बरं वाटलं.

फेब्रुवारीत एके दिवशी नाकातला श्वास गोठेल अशी थंडी आणि स्वच्छ निळं आकाश होतं. दुपारी त्यांनी मला गॅरेजमध्ये हाक मारली. पानगळीत कधी दिसला नव्हता एवढा आकडा. ते बराच वेळ बघत राहिले.

मी मन घट्ट करून विचारलं, "बाबा, मग तिकीट कधीचं काढायचं?"

"काढ मार्चचं. पण जाऊन-येऊन काढ," ते म्हणाले. "घर आवरतो, चाव्या धाकट्या भावाकडे देतो आणि येतो."

मला तिथंच रडू फुटलं. गॅरेजमध्ये गारठशील म्हणून त्यांनी मला आत पिटाळलं.