डावा पाय, उजवा पाय

चार माणसं एकाच नादाला लागली की किस्से होतातच. घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साचतात. आणि चारातला एक गेला की मग विचारूच नका, उरलेले तिघं भेटले की तेच बाहेर! मी नववी नापास, लिहायची सवय नाही. पण श्वेता म्हणाली, "विकी, बोलतोस तसंच लिही." म्हणून बोलतोय.

नाद मूळचा दादाचा. माझा मोठा भाऊ, संदीप, आईचा सँडी. कल्याणला कुरियरच्या ऑफिसात होता. फिरायला गेला की कुठल्याही गोष्टीचे दोन फोटो काढायचा. एक डाव्या पायावर भार देऊन, दुसरा तिथेच उभं राहून उजव्या पायावर. तेवढ्यात कॅमेरा दोनेक इंच सरकतो. मग डाव्या डोळ्याला डावा फोटो दाखवायचा, उजव्याला उजवा. झाड पुढे येतं, डोंगर मागे जातो, मधे खरी हवा दिसते! आम्ही त्याला 'जोडी' म्हणायचो. जोडी बघायचा डबा प्रधान काकांनी बनवलेला, लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचा, आत दोन भिंगं. काका दादाचे शाळेतले चित्रकलेचे सर. रविवारी त्यांच्या डोंबिवलीच्या घरी आमची बैठक. श्वेता घोडबंदर रोडची, आयटीवाली. तिच्या बिल्डिंगमध्ये मी स्लायडिंगच्या खिडक्या बसवायला गेलेलो, तिथे भिंतीवरचे तिचे लडाखचे फोटो बघून मीच तिला ओढून आणली.

*

वेरूळला दादा कैलास लेण्यासमोर उभा. डावा पाय, उजवा पाय. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. पाच मिनिटं वॉचमन लांबून बघत होता. शेवटी जवळ आला आणि दादाच्या कानात अगदी हळू म्हणाला, "साहेब, बाथरूम गेटच्या बाहेर आहे."

*

काकांचा किस्सा मात्र वेगळा. त्यांच्या जुन्या अल्बममध्ये माथेरानचे दोन फोटो निघाले. चाळीस वर्षांपूर्वीचे, लग्नानंतरचे. पहिला बरा आला नाही तर असावा म्हणून काकांनी लगेच दुसरा काढलेला, जरासा बाजूने. दादा ओरडला, "सर, ही तर जोडी आहे!"

काकूंना जाऊन सहा वर्षं झालेली. काकांनी डबा डोळ्यांना लावला. मग त्यांचा हात पुढे गेला, हवेतच, जसं समोर कोणी उभं आहे.

श्वेताने विचारलं, "काका, काय दिसतंय?"

"शालीच्या आत माझा स्वेटर घातलाय तिने," काका म्हणाले. "मी तिला किती बोललो होतो, हरवलास म्हणून!"

*

आता माझा. जोडीचा नियम एकच, दोन क्लिकच्या मधे हलायचं नाही. जे हलतं ते एका फोटोत एकीकडे, दुसऱ्यात दुसरीकडे, आणि डब्यात आरपार दिसतं, थरथरतं. आणि मला कुठे एका जागी बसवतं? महाबळेश्वर, गोवा, नागपूरची दीक्षाभूमी, प्रत्येक जोडीत सगळे भरीव आणि मी धुरासारखा!

"विकी, तू आमचं ऑफिशियल भूत आहेस!" श्वेता म्हणायची.

दादा म्हणायचा, "जिवंत माणूसच भुतासारखा दिसतो रे यात. मेलेला बरा. हलत नाही."

तेव्हा मी सगळ्यात जास्त हसलेलो.

*

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्याला दादाने गर्दीची जोडी घेतली. डब्यात बघितलं तर हजारभर माणसं, सगळी थरथरणारी, आरपार. फक्त एक म्हातारा भरीव. पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले, सरळ आमच्याकडे बघतोय. एवढ्या ढकलाढकलीत केसभरही हललेला नाही.

"अरे, मागे साड्यांचं दुकान आहे," मी म्हणालो. "पुतळा असेल बाहेर ठेवलेला."

सगळे सुटलो एकदाचे. पण मला राहवतंय का! दुसऱ्या दिवशी कामावरून येताना बाईक सरळ त्या दुकानासमोर लावली आणि मालकाला फोटो दाखवला.

तो म्हणाला, "भाऊ, लेडीजचं दुकान आहे. जेन्ट्स पुतळा मी कशाला ठेवू?"

*

सावलीचा किस्सा आईमुळे. दादा स्वतः कुठल्याच फोटोत नसायचा, तोच काढायचा ना. पण ऊन पाठीमागून असलं की त्याची सावली समोर पडायची. फोटो काढणारा सरकला की त्याची सावलीपण सरकते. त्यामुळे डब्यात ती जमिनीवर दिसतच नाही. दादाच्या सावलीचं डोकं जमिनीतून खाली गेलेलं दिसायचं, खूप खाली, विहिरीत वाकून बघावं तसं. काकांनी कागदावर रेषा मारून समजावलं, असंच होणार, सगळ्यांचंच होतं.

आईने एकदा डब्यात बघितलं. लगेच डबा खाली ठेवला.

"सँडी, तू खड्ड्यात का उभा हाईस?"

"आई, ती सावली आहे गं."

"कायबी असू दे. वर ये."

*

खडवलीला आम्ही दोघंच गेलेलो. नदीकाठी मोठा काळा दगड. दादाने मला त्यावर बसवलं, स्वतः बाजूच्या पाण्यातल्या दगडावर उभा, ऊन त्याच्या पाठीमागून. म्हणाला, "विक्या, आज तुझी एक तरी भरीव जोडी पाहिजे मला. नदीकडे बघ. दुसरा क्लिक ऐकू येईपर्यंत हललास तर बघ!"

मी नदीकडे बघत बसलो. एक क्लिक ऐकला. मग धप्प असा आवाज आला. वाटलं, पलीकडच्या पोरांनी उडी मारली. मी दुसऱ्या क्लिकची वाट बघत होतो. गुडघ्यावर माशी बसली, ती पण नाही हाकलली. आयुष्यात पहिल्यांदा मी हललो नाही.

तो उभा होता तिथे शेवाळ होतं. मी वळून बघितलं तेव्हा तिथे फक्त ओला दगड होता.

*

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात होता म्हणून कॅमेरा त्याच्याबरोबरच नदीतून बाहेर निघाला. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, घरी वंदना झाल्यावर, आईने तो तांदळाच्या डब्यात ठेवला, सुकू दे म्हणून. चार महिने तिथेच. कार्ड मी कोणाला काढू दिलं नाही.

काका आणि श्वेताला मी एकदाच सांगितलं. कार्डात खडवलीचे दोन फोटो असतील तर दादा दुसरा काढून मग घसरला, म्हणजे तो आवाज खरंच पोरांचा असेल. एकच असेल तर मी त्याचं पडणं ऐकलं आणि पुतळ्यासारखा बसून राहिलो. आणि मला क्लिक एकच ऐकू आला होता. हे घेऊन मी रोज झोपतो.

एका रविवारी जेवताना माझं डोकं फिरलं. ताट सरकवलं, तांदळात हात घातला, कार्ड काढलं. आई म्हणाली, "मी पण येते." तिला बाईकवर मागे बसवून थेट डोंबिवली.

काकांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. श्वेताने माझा हात धरला होता.

खडवलीचे फोटो दोन होते.

मी रडायलाच लागलो. काकांनी दोन्ही छापले, कापले, पुठ्ठ्यावर चिकटवले, डब्यात सरकवले. मी बघितलं. मी होतो. अख्खा, भरीव! दगड पुढे, नदी मागे, गुडघ्यावर माशीसुद्धा. मी पहिल्यांदा भूत नव्हतो.

मग काकांनी बघितलं. बराच वेळ. डबा काढून दोन्ही फोटोंवर पट्टी ठेवली, मोजलं. पुन्हा मोजलं.

"काय झालं काका?" श्वेता म्हणाली.

"झाड सरकलंय, काठ सरकलाय. म्हणजे कॅमेरा सरकलाय, बरोबर आहे." काकांनी चष्मा काढला. "पण संदीपची सावली कॅमेऱ्याबरोबर सरकलेली नाही. दगडावर आहे, विकीच्या शेजारी. खाली गेलेली नाही."

श्वेता हळूच म्हणाली, "म्हणजे दादा हललाच नाही? मग दुसरा फोटो काढला कोणी?"

काकांनी तिला हातानेच थांबवलं.

आईने तोवर डबा घेतला होता. पदराने भिंगं पुसली, डोळ्यांना लावला. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. तिने डबा खाली ठेवला नाही.

"किती गुमान बसलेत दोघं," ती म्हणाली. "कोणी हलू नका."