हिरासिंगची अट

बातमी आली तेव्हा दिग्रसच्या कापूस-जिनच्या ओसरीवर आम्ही चौघे होतो: मी, वजनकाट्यावरचा माणूस आणि कापूस घेऊन आलेले दोन शेतकरी. आमच्या गावाजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा एक जण बैलबंडीतून उतरला आणि म्हणाला, "हिरासिंग गेला." मी लगेच विचारले, "कोण म्हणते? तू डोळ्यांनी पाहिले का?" हिरासिंगबद्दलची कोणतीही गोष्ट मी पहिल्या ऐकण्यात खरी मानत नसे... ही शेवटची बातमीसुद्धा मी तशी मानली नाही.

मी जिनमध्ये हिशेब लिहितो, म्हणून हिरासिंग मला मुनीमजी म्हणे. आमची ओळख खरी वाढली ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, आणि वाढली ती विरोधातून. आमच्या वॉर्डात गावठाणाची एक आळी आणि तांडा असे दोन्ही येत. जागा एक. आमच्याकडून माझे चुलतभाऊ बापूराव उभे होते, तांड्याकडून हिरासिंग. भांडण विहिरीचे होते. सरकारी मदतीतून एकच विहीर मिळणार, ती गावात खोदायची की तांड्यावर? आमच्या आळीतली जुनी विहीर उन्हाळ्यात तळाला जाई. माझी बायको पहाटे नंबर लावून गढूळ पाणी आणी, तेव्हा मीही या भांडणात तटस्थ नव्हतो. प्रचार सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच दोन्हीकडून एकमेकांच्या आईबहिणींचा उद्धार सुरू झाला. तांड्याच्या एका पोराचे डोके फुटले, आमच्या एकाचा हात मोडला.

अशात हिरासिंग एकटाच बापूरावांच्या ओसरीवर आला. म्हणाला, "बापूरावभाऊ, आपन दोघं एकाच पारावर बोलू. अट एकच. आपलं बोलाच्या आंधी समोरच्याचं म्हननं सांगाचं. समोरचा 'व्हय, हे माहं' म्हनन, तवाच पुढं बोलाचं. तो नाही म्हनला तं परत सांगाचं." ही रीत त्याच्या आजोबांच्या काळची, बैलांवर मीठ-धान्य वाहणाऱ्या तांड्यात भांडणे अशीच मिटवीत, असे तो सांगे. खरेखोटे त्याला माहीत. तो गेल्यावर मी बापूरावांना म्हणालो, "यात डाव आहे." बापूराव म्हणाले, "डाव तं हायेच. पन कोनता, हे तू शोध. मी नाही म्हनलो तं लोक म्हनतीन, भेला."

सभा मारुतीच्या पारावर झाली. पहिली पाळी बापूरावांची. ते उठले आणि म्हणाले, "तांड्याचं म्हननं असं, का यायले घरबसल्या पानी पायजे." लोक हसले. हिरासिंग मान एका बाजूला कलती करून ऐकत होता. शांतपणे म्हणाला, "हे माहं नाही. परत सांगा." बापूरावांनी दुसऱ्यांदा सांगितले, त्यातही टोमणा होता. "हेही माहं नाही." आता कोणी हसले नाही. बापूरावांना घाम फुटला. तिसऱ्यांदा ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या बाया नाल्याच्या रेतीत खड्डा उकरतेत. त्यात झिरपलेलं पानी वाटीवाटीनं हंड्यात भरतेत. एक हंडा भराले अर्धी सकाळ जाते." हिरासिंग म्हणाला, "व्हय, हे माहं."

मग त्याची पाळी. त्याने आमची बाजू अशी मांडली की आम्हालाही तशी कधी मांडता आली नव्हती. गढूळ पाणी, रांगेतली भांडणे, मागच्या सालची हगवण, त्यात गेलेली दोन लेकरे... "म्हून इहीर गावातच पायजे," असे त्याने म्हटले तेव्हा आमच्या आळीने टाळ्या वाजवल्या. बापूरावांना "व्हय, हे माहं" म्हणण्याखेरीज काही उरले नाही. मी मात्र त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. इतके चांगले कोणी फुकट बोलत नाही, असे माझे मत होते.

निकाल लागला. बापूराव छप्पन, हिरासिंग सत्तेचाळीस. मी लगेच मांडणी केली. आमच्या आळीची मते पडली होती पंचेचाळीस आणि तांड्याची अठ्ठावन्न. म्हणजे तांड्याची निदान अकरा मते आमच्याकडे आली होती. ती का आली, हे दुसऱ्याच दिवशी कळले. हिरासिंगची म्हातारी काकू सभेला उशिरा पोचली आणि टाळ्या वाजताच परतली होती, आणि तिच्यासारख्या आणखी काही जणी. त्यांनी हिरासिंगच्या तोंडून एवढेच ऐकले, की विहीर गावातच पाहिजे. भर रस्त्यात ती त्याला म्हणत होती, "तूच तं सांगतलं, गावातली इहीर बरी! म्हून आमी त्याले मत देल्लं. आता आमाले काहून बोलतं?" त्याच्या शब्दाला मान देऊन त्यांनी त्याला पाडले होते. हिरासिंग डोक्याला हात लावून हसत होता. मला ते हसणे खटकले. हरलेला माणूस असा हसत नाही.

बापूरावांनी त्याला काही दिले का, याचा मी महिनाभर शोध घेतला. काही सापडले नाही. मग पंचायतीत विहिरीचा विषय निघाला. एक पंच म्हणाला, "तांड्याच्या बायायले सवय हाये, त्यायचं भागते." बापूराव ताडकन उठले. "सवय कायची? रेतीतून वाटीवाटीनं हंडा भरून पाह्य एकडाव!" पारावर तिसऱ्या खेपेला जे वाक्य त्यांच्याकडून वदवून घेतले होते, तेच ते पुन्हा बोलत होते. विहीर तांड्यावर गेली. आमच्या आळीला पुढे दोन उन्हाळे तेच गढूळ पाणी प्यावे लागले. माझी बायको माझ्याशी कितीतरी दिवस नीट बोलली नाही. "तुमचा मानूस निवडून आला ना? मंग पानी कुठी हाये?" असे ती विचारी.

पुढे कापसाच्या हंगामात त्याच्या बंडीवरून दिग्रसला जाणे होई. दुष्मनी केव्हा संपली ते कळले नाही, संशय मात्र राहिला. एकदा मी विचारलेच, "हिरासिंग, खरं सांग. तू हरला, का हरून जिंकायचं आधीच ठरवलं होतं?" त्याने बैलांना चुचकारले. "आंधी माहं म्हननं सांगा, मुनीमजी." मी म्हणालो, "तुझं म्हणणं असं, की तू फार भोळा आहेस." "हे माहं नाही." "मग तू फार हुशार आहेस." "हेही नाही." तो हसत राहिला, आणि दिग्रसचे जिन आले. पुढे कितीतरी फेऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा सांगायचे मी टाळत गेलो...

गेल्या आठवड्यात तांड्यावर, त्याच विहिरीजवळ शोकसभा झाली. गावातलेही पुष्कळ आले होते. सगळे गोड बोलले. नंतर बापूराव म्हणाले, "आता तू बोल. तुह्या मनात काय हाये ते मले ठाऊक हाये." मी उभा राहिलो. माझी शंका मला चारचौघांत मांडायचीच होती. मी म्हणालो, "आधी त्याचे म्हणणे सांगतो. त्याचे म्हणणे असे, की मला निवडून यायचे होते आणि मी हरलो. पण दुसऱ्याची अडचण माणसाने एकदा स्वतःच्या तोंडाने नीट सांगितली, तर पुढे ती त्याला खोटी म्हणता येत नाही. माझा भरवसा तेवढाच होता. त्यापुढचा डाव मला माहीत नव्हता."

एवढे बोलून मी थांबलो आणि सवयीने विहिरीच्या काठाकडे पाहिले. तांड्यावरची सभा कोणतीही असो, तो तिथेच बसे, मान कलती करून. बापूरावांनीही तिकडेच पाहिले. त्याची काकूही पाहत होती. माझे म्हणणे अजून सांगायचे राहिले होते. पण "व्हय, हे माहं" म्हणायला कोणी नव्हते, म्हणून मी खाली बसलो.