डिस्को बत्ती

पुण्याची गाडी गोंदियातूनच सुटायची, त्यामुळे खिडकी हमखास मिळायची. २००२ साली त्या खिडकीचे गज धरून बाबा उभे होते. आमच्या गावच्या, दवनीवाड्याच्या बुद्धविहारात पेटी वाजवणारे, मोजकं बोलणारे माझे बाबा. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरी, गाणं शिकाले जाऊन राहिली, तं गाणंच शिक. डिस्को नको होऊ."

आमच्याकडे डिस्को म्हणजे काय, तुम्ही गावाकडचे असाल तर सांगायला नको. चमकीची साडी डिस्को, रंगीत फिरती बत्ती डिस्को, सिनेमातलं धांगडधिंग्याचं गाणं डिस्को. आणि शहरात जाऊन घर विसरलेला माणूस तर पक्का डिस्को! त्या शेवटच्या अर्थाची मला भीती वाटायची.

पुण्यात गाणं शिकले, पण पोट भरलं लग्नांच्या रिसेप्शनमध्ये गाऊन. टिकल्यांचा गाऊन, साउंडचेक, फर्माइशी. बाबांना फोनवर फक्त 'प्रोग्राम होता' म्हणायचे. मग मोबाइल आले आणि माझा एक व्हिडिओ थेट गावात पोचला. बाबांनी तो पाहिला, फोन मात्र आईने केला. आई म्हणाली, "विहारात जयंतीले गाणं म्हनाले ये. पांढरी साडी आन."

सगळा प्रवास एकच प्रश्न. माझ्या गाण्याला बाबा पेटीवर बसतील का? बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या मनात असा एक प्रश्न असतो.

दिवेलागणीला विहारासमोर पोचले, तर मांडवात दरवर्षीच्या ट्यूबलाइटशेजारी फिरती रंगीत बत्ती! बायकांच्या पांढऱ्या साड्यांवर लाल-हिरवे ठिपके पळत होते. पोरं खिदळत होती. माझी थट्टाच मांडलीय असं वाटून डोकं तडकलं. कोणी लावली ही, मी विचारलं.

पेटी पुसता पुसता बाबा म्हणाले, "मी लावलो. तुले आता साध्या उजेडात करमते का नाही, कोन जाने."

मला रडूच आलं. मी त्यांना दुरावले तर नाही, या धास्तीत मी. आणि गाव मला पुरेल का, या धास्तीत ते. मी मंचावर बसले. बाबांनी न विचारता काळी चारचा सूर धरला. माझी पट्टी, लहानपणापासूनची.

आता घर म्हटलं की मला तो सूर आठवतो. बाबांची बोटं हल्ली थरथरतात. गावाकडून अवेळी फोन आला की मी आधी कान देऊन ऐकते. पलीकडून बाबांची पेटी ऐकू आली, ते ठीक आहेत हे कळलं, की मगच मी बोलते.